पहिला शब्द

पेढे तीन किलो होते, आणि ते गल्लीभर वाटून संपल्यावर कळलं की पुरस्कार आपल्याला नाही.

बारा वर्षं वाट पाहिली होती गुणवंतराव दोनाडकरांनी. दर जानेवारीत वडसा गाव आपल्या पाच नामवंतांना नगरगौरव पुरस्कार द्यायचं. साप पकडणारा झाला, सुईण झाली, राइस मिलचा मिस्त्री झाला, आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीवर चाळीस वर्षं गाजलेला नट दर वर्षी पहिल्या रांगेत बसून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत राहिला. त्यामुळे यंदा समिती घरी येतेय असा निरोप आल्याबरोबर त्यांनी जाकीट चढवलं, पेढे मागवले, वाटले आणि खुर्चीत असे बसले की आता फक्त पडदा उघडायचा बाकी आहे. समितीचे अध्यक्ष नागोसे गुरुजी आले, पाणी प्यायले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून म्हणाले, "बाईले बलावा नं, भाऊ. यंदा आमी बाईचं नाव काढलं."

बाई म्हणजे धुरपताबाई. गुणवंतरावांची बायको, आणि त्यांच्या नवझंकार नाट्य रंगभूमी या नाटक कंपनीची पहिल्या दिवसापासूनची प्रॉम्प्टर.

त्याला आज आठ दिवस झाले होते, आणि आठ दिवस गुणवंतराव बायकोशी सुनेमार्फत बोलत होते. "रंजीता, तुझ्या सासूले सांग, चहात साखर कमी हाये." सासू दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. ती मुकाट्यानं साखर घालायची. भांडायचं म्हटलं तरी समोरचा माणूस बोलावा लागतो, आणि धुरपताबाईंचा आवाज चाळीस वर्षांच्या कुजबुजीनं इतका बसला होता की मोलकरणीलासुद्धा त्या कानात सांगितल्यासारखं सांगत. सारी गल्ली विचारत होती, "पेढे कायचे होते भाऊ?" आणि गुणवंतराव म्हणत होते, "घरचाच पुरस्कार हाये नं." हे वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा कसा होई ते गल्ली चवीनं बघत होती.

सत्काराच्या दिवशी सकाळी मात्र घरात मोठीच बैठक बसली. थोरला धनराज, म्हणजे कंपनीचा सध्याचा मालक, हातात दोन कागद घेऊन आला. त्याची बायको रंजीता दारातच थांबली. वरोऱ्याला शाळेत शिकवणारी धाकटी दिव्यानी कालच माहेरी आली होती. आणि कोपऱ्यात गुणवंतरावांचा धाकटा भाऊ मुखरू पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. हा कंपनीचा पेटीवाला. जन्मात त्यानं एकच मत बाळगलं होतं, ते म्हणजे दादाचं.

"हे पहिलं मानपत्र," धनराज म्हणाला. "आयका. 'ज्यांच्या पहिल्या शब्दाशिवाय झाडीपट्टीतल्या एकाही मोठ्या नटाचं दुसरं वाक्य निघालं नाही.' एकाही म्हनते बाबा. म्हंजे त्यात तुमी आले."

गुणवंतरावांचं सगळं दुखणं त्या 'एकाही'तच होतं.

कारण त्यांची सारी कीर्ती पाठांतराची होती. रूपानं ते बेताचे आणि गाण्याचा गळा त्याहून बेताचा. पण पत्रकावर त्यांच्या नावाआधी 'पाठांतराचे महामेरू' असं छापलं नाही असा एकही हंगाम गेला नव्हता. बायको रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसते ती बाकीच्यांसाठी, महामेरूंना खालून शब्द लागत नाही, अशी त्यांची ख्याती मुलचेऱ्यापासून कोरचीपर्यंत होती. खरं काय ते कंपनीतल्या नटांना माहीत होतं. पण ज्याचं पोट ज्या हातानं भरतं त्या हाताची चर्चा कोणी करत नाही. आणि यंदा त्याच नटांपैकी अठ्ठावीस जणांनी सह्या करून समितीला अर्ज दिला होता, बाईंचं नाव घ्या म्हणून.

"यंदाच्या पत्रकावर भी महामेरू छापून बसलो मी," धनराज म्हणाला. "नाटक ठरवनारे दहा गावचे मंडळवाले समोर बसून राहीन. हे वाचलं तं ते हासतीन नाई का? म्हनून मी काल गुरुजीले भेटलो. दुसरं लिहून आनलं. 'पतीच्या कलाजीवनात सावलीसारखी साथ देणाऱ्या आदर्श गृहिणी.' गुरुजी म्हनते, बाई हो म्हनन तं हेच वाचतो."

"सावली?" दिव्यानी म्हणाली. "चाळीस हिवाळे ते खड्ड्यात बसली. थंडीनं पाय सुजून यायचे, आमी रात्रभर शेकत बसाचो. आनि तू तिले सावली म्हनतेस, दादा?"

"तुले धंद्यातलं काय समजते? तू गेली वरोऱ्याले."

"तिले नसन समजत, मले तं समजते," रंजीता दारातून म्हणाली, आणि सगळे वळले, कारण नवऱ्याच्या विरोधात ती कधी चारचौघांत बोलत नसे. "मी नागपूरवरून आली तवा पहिल्याच प्रयोगात तीन पानं विसरली होती. तीन. समोर पाच हजार मानसं बसलेली. आईनं खालून मले असं चालवलं, जसं लेकरू चालवते. दुसऱ्या दिवशी तुमीच म्हनत होते, हिरोइन तयार हाये म्हनून. तयार नव्हती मी."

धनराजनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की घरी गेल्यावर बघतो. पण ते तर घरातच होते, त्यामुळे त्या नजरेचा फारसा उपयोग झाला नाही. "मुखरूकाका, तुमी सांगा," तो म्हणाला.

मुखरूनं खर्रा गालात सरकवला. "दादा म्हनन ते."

"बघा," धनराज म्हणाला.

"दादा म्हनन ते," मुखरू पुन्हा म्हणाला, पण या वेळी त्याची नजर जमिनीवर होती. "मुलचेऱ्याचा प्रयोग दादानंच गाजवला, असंच मी आजवर समद्यायले सांगत आलो. आनखी भी सांगीन. पन पेटी माझी होती, दादा. मी खड्ड्याच्या बाजूलेच बसलो होतो."

मुखरूच्या तोंडून दादाच्या विरोधात एवढं एक वाक्यही या घरानं ऐकलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांत सगळ्यात जास्त दचकला तो मुखरूच.

तेवढ्यात धुरपताबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्यांनी धनराजच्या हातातला दुसरा कागद घेतला आणि सवयीप्रमाणे ओळीखाली बोट फिरवत, नुसते ओठ हलवत, वाचून काढला.

"अक्षर चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "हेच वाचू द्या."

"आई," दिव्यानी म्हणाली.

"मले मानपत्राचं काई नाई वो. मले येगळीच चिंता हाये." त्या नवऱ्याकडे वळल्या, आणि सून मध्ये न घालता आठ दिवसांत पहिल्यांदा थेट बोलल्या. "गुरुजी म्हनते पाच मिनिटं बोला लागन. मी कधी वरून बोलली नाई. तुमी समोर बसान तं माझ्यानं होईन. तुमी येता का नाई जी, ते सांगा. तुमी नाई आले तं मी भी नाई जात."

गुणवंतरावांनी भिंतीकडे पाहिलं. "गावानं बलावलं तं जावंच लागते," ते भिंतीला म्हणाले.

ज्या भिंतीला ते बोलले तिच्यावर एक चौकट होती, आणि जाकिटाची बटणं लावताना ती चुकवायची म्हटली तरी चुकवता येत नव्हती. पिवळं पडलेलं कात्रण, त्यात तरुण गुणवंतराव तलवार उपसून उभे, आणि वर मथळा: 'अंधारातही अढळ पाठांतर'. मुलचेऱ्याला तिसऱ्या अंकात जनरेटर बंद पडला होता. एक कंदील कुणीतरी रंगमंचावर आणून ठेवला, आणि महामेरूंनी अख्खा अंक एकही शब्द न अडता म्हटला. लोक गोधड्या टाकून उभे राहिले. बंगाली वस्तीतला मिठाईवाला सकाळी रसगुल्ल्याची हंडी घेऊन आला आणि मोडक्या मराठीत म्हणाला की असला डोक्याचा माणूस पाहिला नाही.

कंदील वर होता. खड्ड्यात काळोख होता. धुरपताला वहीची पानंसुद्धा दिसत नव्हती. सातवा महिना होता तिला, दिव्यानीचा. सगळ्या नटांच्या संवादांच्या नकला ती स्वतःच्या हातानं उतरवून काढायची, त्यातच तिचं नाटक पाठ व्हायचं. तो अख्खा अंक तिनं डोक्यातून काढून, शब्द-शब्द, वर दिला. त्यातला एकही गुणवंतरावांच्या डोक्यातला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा हे कात्रण कापून, चौकटीत घालून, खिळा ठोकून टांगणारीही तीच. खिळा ठोकताना ती काहीच म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं गुणवंतरावांना त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, आणि जाकिटाचं एक बटण चुकलं.

वडस्याचा सत्कार दुपारी तीनला असतो. हंगामात रात्र नाटकांची, आणि पाचला सगळ्या कंपन्यांच्या गाड्या बाहेरगावी निघतात. त्यामुळे गावाला ज्याचं कौतुक करायचं त्याचं ते उन्हातच करून घ्यावं लागतं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या मैदानात त्या रात्रीच्या नाटकासाठी रंगमंच उभा होता, त्यावरच फुलांच्या माळा लावून समितीनं भागवलं होतं. पुढ्यात प्रॉम्प्टरचा खड्डा, त्यावर झाकणासारखी फळी, आणि फळीवर कुणीतरी हौसेनं गुलाबाची कुंडी ठेवली होती.

पहिल्या रांगेत दोनाडकर बसले. मागे मंडळवाले, त्यांच्यामागे गावं, आणि सगळ्यात मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अठ्ठावीस नट, अर्धे रात्रीच्या मिशा आधीच चिकटवून.

चार सत्कार झाले. रेल्वे फाटकाजवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरला लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. दुकानातच वाचनालय चालवणारा न्हावी एवढा घाबरला की शाल घेताना त्यानं ती सवयीनं पाहुण्याच्याच गळ्याभोवती बांधली. मग गुरुजींनी पाचवं नाव घेतलं आणि दुसरा कागद वाचला. सावली, साथ, आदर्श गृहिणी. लोकांनी रीतसर टाळ्या वाजवल्या. ट्रॉलीवरून मात्र एकही टाळी आली नाही. ती शांतता गुणवंतरावांना पाठीत कळली. रंगमंचावर उभ्या राहिलेल्या माणसाला मागची रांग कुठे गप्प बसली ते बरोबर कळतं.

धुरपताबाई माइकसमोर आल्या. निळं लुगडं, नवी शाल, हातात वही. वही त्यांनी उघडली. मग वर पाहिलं.

आणि थांबल्या.

हे थांबणं गुणवंतरावांच्या ओळखीचं होतं. हजार वेळा ते त्यात पडले होते. जिभेवरचं वाक्य जातं, समोर नुसते डोळे उरतात, कानात रक्ताचा आवाज येतो. त्यांना आतापर्यंत त्यातून कसं सुटायचं ते शिकावंच लागलं नव्हतं. खालून शब्द यायचा. एकच, पहिला, आणि त्या दोरीला धरून बाकीचं वर यायचं. धुरपता नव्या पोरांना शिकवायची, सगळं वाक्य कधी द्यायचं नाही, नट लंगडा होतो, पहिला शब्द द्यायचा आणि त्याच्यावर विश्वास टाकायचा.

तिला शब्द द्यायला खाली कुणीही नव्हतं. खाली कुंडी होती.

पाच सेकंद गेले. दहा. मागे कुणीतरी खाकरलं. धनराज कुजबुजला, "बाबा, आई अडकली." आणि गुणवंतराव दोनाडकरांनी, जन्मात पहिल्यांदा, प्रॉम्प्टिंग केलं.

"मी," ते म्हणाले.

पण नट तो नट. पाच हजार माणसांना माइकशिवाय ऐकू जाईल असा आवाज त्यांनी चाळीस वर्षं कमावला होता, पुटपुटण्याची सवय कुठून असणार? तो 'मी' रंगमंचावर आदळला, मागे ट्रॉलीपर्यंत गेला आणि मैदानापलीकडच्या चहाच्या टपरीवरून एक कुत्रं उठून बसलं.

धुरपताबाईंनी दचकून खाली पाहिलं. कपाळाला आठी पडली. ती आठी कामाची होती, चाळीस वर्षांची, आणि तिच्यामागोमाग आवाजही आला. माइकमधून, सगळ्या मैदानाला स्पष्ट.

"हळू सांगा जी. लोकायले आयकू जाते."

मग हसू फुटलं ते ट्रॉलीवरून. नट हसले, मग गावं हसली, मग मंडळवाले, मग गुरुजीसुद्धा. टोमणा नव्हता त्यात. घरातलं काहीतरी गोड उघडं पडल्यावर घरची माणसं हसतात तसे सगळे हसत होते. गुणवंतराव उठले. लोकांना वाटलं आता भाऊंना राग आला. ते चालत रंगमंचापर्यंत गेले, कुंडी उचलून बाजूला ठेवली, फळी सरकवली आणि एका हातानं धोतर सावरत खड्ड्यात उतरले. गुडघे वाजले. मैदानानं टाळ्या दिल्या. म्हातारा जागा साधून गेला, असं सगळ्यांना वाटलं.

आत ओल होती. बसायला एक उलटं घमेलं होतं. गुणवंतराव त्यावर बसले आणि वर पाहिलं तर बायकोचे पाय दिसले, लुगड्याचा काठ दिसला आणि फळ्यांच्या फटीतून तोंडावर धूळ पडली. इतकंच दिसत होतं. ते तलवार उपसून उभे राहत तेव्हा तिला त्यांचं दिसायचं ते इतकंच. माणूस इथं बसून वरच्याला राजा कसा समजत असेल, याचं त्यांना नवल वाटलं आणि डोळे भरून आले.

वर धुरपताबाई बोलायला लागल्या होत्या.

"मी धुरपता दोनाडकर. मी सातवी शिकली. मले वाचता येते म्हनून सासऱ्यानं मले खड्ड्यात बसवलं." पुन्हा हसू. "मले तुमचे चेहरे मालूम नाई. आज पयल्यांदा पाह्यले, म्हनून अडकली. मले पायच मालूम. कोन घाबरला हाये ते मले अंगठ्यावरून समजते. रंजीताचा अंगठा पयल्या वर्सी असा वळत होता की मले वाटे फळी फोडते."

आवाज मोठा नव्हता, पण माइकला पुरत होता. तिनं सुजलेल्या पायांचं सांगितलं नाही. थंडीचं सांगितलं नाही. मेकअपवाल्या, पडदेवाल्या, ड्रायव्हरची नावं घेतली. मग म्हणाली, "माझ्या मालकानं लय मोठं नाव केलं. माझी थोडी साथ होती," आणि वही मिटायला लागली.

गुणवंतरावांना खालून कळलं, हिनं पान गाळलं. मुद्दाम, लिहितानाच गाळलं. महामेरूंची अब्रू त्या गाळलेल्या पानात नीट घडी घालून ठेवली होती, आणि ती वही मिटली की ती कायमची तिथंच राहिली असती, सुरक्षित. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. नट पान गाळायला लागला तर प्रॉम्प्टरनं काय करायचं, हेही तीच पोरांना शिकवायची.

त्यांनी श्वास घेतला. छातीतला सगळा आवाज खाली दाबला, गळ्यातला काढून टाकला, आणि जे उरलं त्यात, ओठांच्या टोकावर, एकच शब्द वर दिला.

"मुलचेरा."

वरचे पाय हलले नाहीत. मग उजवा अंगठा जोडव्यासकट हळूच वळला. लुगड्याचा काठ खाली आला. तिनं वाकून खड्ड्यात पाहिलं. दोघांची नजर भेटली. तिनं भुवईनं विचारलं, आणि त्यांनी मान हलवली.

धुरपताबाई सरळ झाल्या. "एक राह्यलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मुलचेरा सांगितलं. जनरेटर, कंदील, काळोख, न दिसणारी वही, पोटातली दिव्यानी. आपण अख्खा अंक तोंडी वर दिला हे त्यांनी 'काल भाजी आणली' अशा सुरात सांगितलं, आणि पुढं म्हणाल्या, "माझा आवाज बसला होता त्या दिशी. सर्दी होती. निम्मे शब्द मलेच आयकू येत नव्हते. त्या मानसानं ते आयकले कसे आनि त्याचा राजा केला कसा, हे मले अजून समजलं नाई. पाठांतर माझं होतं. पन आयकनं त्यायचं होतं."

आधी कुणी टाळी वाजवली ते सांगता येणार नाही. बहुधा मुखरूनं, कारण तो उभा राहून खर्रा गालात धरून रडत होता. मग ट्रॉलीवरचे अठ्ठावीस जण उड्या मारून उतरले आणि मिशा सावरत पुढे पळत आले. मंडळवाले उठले. सिस्टर उठल्या, न्हावी उठला. नागोसे गुरुजींनी हातातला कागद खिशात कोंबला, फायलीतून पहिला काढला आणि टाळ्या थांबायची वाट न बघता मोठ्यानं वाचून टाकला. 'एकाही मोठ्या नटाचं' या शब्दांवर तर मैदान असं गरजलं की रात्रीच्या नाटकाला तेवढं मिळालं असतं तर कंपनीनं नवस फेडला असता. दिव्यानीनं वहिनीला मिठी मारली. दोन मंडळवाले तिथंच धनराजला गाठून विचारू लागले, "पुढच्या हंगामात बाई सोता येतीन नं बसाले? पत्रकावर नाव टाकान का?" धनराज हो म्हणाला. धंद्यातलं त्याला खरोखरच समजत होतं.

खड्ड्यातल्या माणसाची आठवण सगळ्यात शेवटी झाली. धनराजनं हात देऊन बापाला वर ओढलं. जाकीट धुळीनं माखलं होतं, केसांत गवताची काडी होती. वर धुरपताबाई हारांत बुडाल्या होत्या आणि लोकांच्या डोक्यांवरून इकडेच बघत होत्या.

"बाबा," धनराज दबक्या आवाजात म्हणाला, "आई मुलचेऱ्याचं सांगनार नव्हती. वहीत नव्हतं ते. मी सकाळी वाचली होती वही. तुमी खाली बसून काई सांगतलं का तिले?"

गुणवंतरावांनी बाही झटकली.

"मी?" ते म्हणाले. "तुले काई आयकू आलं का?"

"नाई."

"मंग," गुणवंतराव म्हणाले, आणि बायकोसाठी टाळ्या वाजवायला लागले.